समुद्र डावीकडे, बुफे उजवीकडे

मे महिना जवळ आला की ट्रॉम्बेच्या माणसाला समुद्र आठवतो. खाडी त्याच्या परसात आहे. दिवसातून दोनदा न बोलावता येते आणि न सांगता जाते. पण त्याला आठवतो तो गोव्याचा समुद्र. तोही ब्रेकफास्टसकट.

यंदा आमच्या घरात त्यात भर पडली. नुसता समुद्र नको, समुद्र अधिक गोल्फ.

गोल्फ खेळतं कोण? कोणीच नाही. दादाला कॅरम येतो. वहिनी शाळेत खो-खो खेळायच्या. मुलांचा सगळा व्यायाम अंगठ्यांना होतो. आईला क्रिकेटसुद्धा 'जिंकलो का?' एवढं विचारण्यापुरतंच माहीत. मग गोल्फ कशाला?

'असू दे की. मोठं वाटतं.'

घ्या!

मोठं वाटून घ्यायला गोवा कशाला हवा? चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासून उभा आहे. अठरा होलचं मैदान. ट्रॉम्बेहून बसने जेमतेम अर्ध्या तासावर, वाहतूक नसेल तर. म्हणजे कधीच नाही, पण ते सोडा.

आमच्या घरातलं कोणी आजवर आत गेलेलं नाही. तिथे मेंबर व्हावं लागतं, निदान एखादा मेंबर ओळखीचा तरी लागतो. रिसॉर्टात काय लागतं? कार्ड. मशिनीला टेकवा, झालात खेळाडू.

आणि खरं सांगायचं तर ट्रॉम्बेकराला भिंतीचं कौतुक उरलेलं नाही. भिंतींचा आमच्याइतका अनुभव मुंबईत कोणाला आहे? 1954-55 च्या सुमारास माहुलकडे दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले. 1956 मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी वीजकेंद्र. साठच्या दशकात खताचा कारखाना. बघता बघता किनारा वाटून झाला. देशाला पेट्रोल, वीज, खत आणि अणू मिळाला.

ट्रॉम्बेला वॉचमन मिळाले.

तक्रार नाही हं. भिंतीच्या आत नोकरी करूनच आमच्या अर्ध्या वस्तीची घरं उभी राहिली. फक्त एक झालं. समुद्राकाठी राहून समुद्र बघायचा तर 'पास आहे का?' या प्रश्नाची सवय झाली. कोळीवाड्याचा धक्का तेवढा उघडा. तिथे ओहोटीला गुडघाभर चिखल, कांदळवन, नांगरलेल्या होड्या आणि चिंबोऱ्या शोधणारी चार पोरं. हौशी माणूस तिथे जात नाही. तिथे बग्गी नाही ना!

खाडीकाठचं घर फुकट मिळालेलेही आमच्यात आहेत बरं का. 1976 साली, ऐन आणीबाणीत, अणुकेंद्राशेजारची जनता कॉलनी उठवली आणि हजारो माणसं चिता कॅम्पला आणून सोडली. खाडीच्या कडेला. जाहिरातीच्या भाषेत 'वॉटरफ्रंट'. माहुलचंही तेच. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडली आणि माणसांना कारखान्यांच्या सावलीतल्या सात-सात मजली इमारती दाखवल्या. तिथली हवा राहण्यालायक नाही म्हणून 2019 मध्ये उच्च न्यायालयाला भाड्याचे पैसे देण्याचा आदेश काढावा लागला.

समुद्राजवळ घर आणि वर महिन्याचं भाडं. कोणत्या रिसॉर्टात मिळतं असं पॅकेज?

असो. बुकिंगकडे वळू.

सरकारी नोकरदार कुटुंबाची सुट्टी एलटीसीवर, म्हणजे रजा प्रवास सवलतीवर, चालते. ब्लॉक इयर संपत आलं की समुद्राची ओढ एकदम वाढते. यात मेख अशी की सरकार फक्त प्रवासखर्च देतं, राहण्याचा नाही. जायला सरकार, राहायला आपण. आणि खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे सरकार एका खिशात घालतं आणि दुसऱ्यातून काढतं. हात मात्र एकच.

जायचं कसं? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. तेव्हा जन्मलेली मुलं दहावीला बसली, रस्ता अजून तोंडी परीक्षेतच. रेल्वेला वेटिंग. मग दादाने विमान काढलं, आणि स्वस्तात काढलं म्हणून सगळ्या नातेवाइकांना स्क्रीनशॉट पाठवला.

विमान उतरलं मोपाला. रिसॉर्ट काणकोणच्या बाजूला.

राज्याच्या एका टोकाला विमानतळ, दुसऱ्या टोकाला खोली. मध्ये अख्खा गोवा. टॅक्सीवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून दादाने तिकिटांचे स्क्रीनशॉट डिलीट केले.

रिसॉर्टचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, सगळी एकाच साच्यातली. कमानीपाशी वॉचमन. गाडीखाली आरसा फिरवतो, डिकी उघडायला लावतो, आणि मग सलाम ठोकतो. त्या सलामासाठी सगळं! जन्मभर ज्याने गेटवर अडवलं, तोच खाकी माणूस आता वाकतो. मनगटाला कागदी पट्टी बांधतात. आमच्याकडे त्याला पास म्हणतात.

चेक-इन दुपारी दोनला. आम्ही पोचलो साडेदहाला. लॉबीत कोकम सरबत दिलं, शंखांची माळ घातली आणि पुढचे साडेतीन तास कोणी आमच्याकडे बघितलं नाही. आईने पिशवीतून दशम्या काढल्या. समोरच्या सोफ्यावरचं नागपूरचं कुटुंब आधी हसलं, मग लाजत म्हणालं, 'चटणी आहे का?'

खोल्यांचेही वर्ण असतात. सर्वांत वर सी व्ह्यू. मग पार्शल सी व्ह्यू. मग गार्डन व्ह्यू. आणि गोल्फ व्ह्यू. पार्शल म्हणजे बाल्कनीच्या कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर वाकलं, मान डावीकडे वळवली आणि माडाच्या झावळ्या वाऱ्याने बाजूला झाल्या, तर दिसतो तो समुद्र. आणि गोल्फ व्ह्यू म्हणजे काय?

समुद्र न दिसणारी खोली.

इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोल्फचं मैदान खेळायला नसतंच. ज्या खोल्यांतून काहीच दिसत नाही, त्यांना नाव द्यायला असतं. भिंत दिसली असती तर भाडं निम्मं झालं असतं. गवत दिसतं म्हणून पूर्ण.

त्यातही गोव्यात भर समुद्रकिनारी गोल्फची जागा किती? राजबागच्या किनाऱ्यावर नऊ होलचं मैदान आहे, बाणावलीला एका बड्या हॉटेलच्या आवारात त्याहून छोटं. गोल्फ खेळण्यासाठी विमानाने येणारा खरा खेळाडू अशा ठिकाणी येईल कशाला? तो जाईल दिल्लीला, नाहीतर कोलकात्याला. 1829 पासूनचा रॉयल कलकत्ता क्लब आहे तिथे, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. गोव्यात येतो तो खेळाडू नव्हे.

येतो तो बग्गीत बसणारा.

बग्गी हेच आमचं गोल्फ. बॅटरीवर चालणारी, मागे उलटं तोंड करून बसायची सीट असलेली गाडी. खोलीतून जेवणाला बग्गी. जेवणाहून पूलला बग्गी. चालत तीन मिनिटांचा रस्ता, बग्गीची वाट बघत पंधरा मिनिटं. रिसेप्शनला फोन केला की एकच उत्तर, 'सर, निघालीय.' हे उत्तर ऐकायला गोव्यात यायची गरज नव्हती. ट्रॉम्बेच्या स्टॉपवर रोज मिळतं, आणि तिकिटाचे पैसे बस आल्यावरच द्यावे लागतात.

मुलं मात्र खूश. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, 'काय काय पाहिलंत?' धाकटा म्हणाला, 'बग्गी.'

गोल्फचा एक धडा फुकट होता. तीस मिनिटं, नाव नोंदवून. दादाने टोपी घातली, गुडघे वाकवले, शिकवणाऱ्या पोराचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सपाट्याने काठी फिरवली. चेंडू जागच्या जागी. हातभर हिरवळ मात्र उडून वहिनींच्या पायाशी. पोराने शांतपणे ती उचलली, खड्ड्यावर बसवली, बुटाने दाबली. 'छान, सर.' मी त्याला विचारलं, दिवसभरात असे किती येतात? तो म्हणाला, 'सगळे असेच येतात.'

ज्या भोकात चेंडू घालायचा ते 108 मिलिमीटर रुंद. जगात कुठेही जा, तेवढंच. तेवढ्यासाठी एकरच्या एकर जमीन. कोकणातला शेतकरी तेवढ्या जमिनीत दोन भावांचे चार दावे आणि एक काजूची बाग बसवतो.

आणि मे महिन्यात, कोकणपट्टीत, लाल मातीवर पोपटी हिरवळ? डोंगर करपलेले, विहिरी तळाला गेलेल्या, आणि एवढा एकच चौकोन भर दुपारी ताजातवाना. सूर्याची कृपा म्हणायची की पंपाची? पहाटे साडेपाचला फवारे सुरू होतात. पाहुणे उठायच्या आत बंद होतात. रिसॉर्टातली सगळी खरी कामं पाहुणे उठायच्या आत होतात.

गोव्याच्या माणसाला हे आत्ता कळलंय असं नाही. 1987 मध्ये 'जागृत गोंयकारांची फौज' पंचतारांकित पर्यटनाविरुद्ध उभी राहिली आणि चार्टर विमानाने आलेल्या जर्मन पाहुण्यांचं स्वागत तिने शेणाने केलं. अतिथी देवो भव म्हणणाऱ्या देशात हे जरा जास्तच झालं, कबूल. पण माणसं शेणापर्यंत का गेली, हे कोणत्या माहितीपत्रकात छापलंय?

1993 मध्ये तर आशियातल्या काही संघटनांनी 29 एप्रिल हा जागतिक गोल्फविरोधी दिन जाहीर केला. चेष्टा नाही, खरंच आहे असा दिन. आणि बरोबर त्याच आठवड्यात शाळांना सुट्ट्या लागतात, आमच्या बॅगा भरल्या जातात. निषेध आणि चेक-इन एकाच तारखेला.

तेरेखोलचं उदाहरण तर आपल्या उंबऱ्यावरचं. गाव गोव्याचं, पण नदीच्या अलीकडे, सिंधुदुर्गाला चिकटलेलं. केरीहून फेरीबोटीने जावं लागतं. मूठभर घरं, काजूच्या बागा, एक किल्ला. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी त्या पोर्तुगीज किल्ल्यावर तिरंगा लावला होता. पुढे गोवा मुक्त झाला, किल्ल्यात हॉटेल झालं, आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की उरलेल्या पठारावर अठरा होलचा गोल्फ कोर्स बसवू. कुळं उभी राहिली. म्हणाली, कसतो आम्ही. प्रकरण कोर्टात, हरित लवादात, सगळीकडे फिरून आलं.

एवढ्याशा गावात अठरा होल. हिशेब कोणी केला होता?

तिथून उत्तरेला शिरोड्याला वेळागरचा किनारा. 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो हाच शिरोडा. नव्वदच्या दशकात तिथे पंचतारांकित हॉटेलसाठी जमीन संपादन झालं. 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आणि जमीनमालक वर्षानुवर्षं भांडत राहिले. मिठासाठी इंग्रजांशी भांडण तुलनेने लवकर मिटलं म्हणायचं.

पुन्हा आमच्या रिसॉर्टात या. किनाऱ्याकडे जायच्या फाटकावर पाटी, 'प्रायव्हेट बीच'. प्रायव्हेट? भारतात भरतीच्या रेषेखालचा किनारा कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणजे सगळ्यांचा असतो. 1991 ची सीआरझेड अधिसूचना काढून बघा. दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना समुद्राकडे जायला निदान 20 मीटर रुंदीची वाट ठेवा, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. तुमच्या मालकीची आहे ती फक्त पाटी.

ती वाट मी शोधली. सापडली. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला कुंपण, मध्ये करवंदीची जाळी आणि नारळाच्या करवंट्या. तिथून गावातली माणसं येत होती. किनाऱ्यावर रापण ओढत होती. चाळीस-पन्नास हात दोरीला, मधूनच आरोळी, आणि जाळं वाळूला लागल्यावर उडणारे चांदीसारखे बांगडे. रिसॉर्टातली सगळी कुटुंबं मोबाईल घेऊन धावली. व्हिडिओ, सेल्फी, 'हाऊ ऑथेंटिक!'

यात दादाही होता. ट्रॉम्बे कोळीवाड्यात त्याच्या वर्गातल्याच मित्राची होडी आहे. तिचा एकही फोटो त्याच्याकडे नाही.

बरं, एवढं करून समुद्रात उतरलं कोण? पहिल्या दिवशी लाल बावटा. दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या दिवशी चेक-आउट. समुद्रापासून पन्नास पावलांवर स्विमिंग पूल होता, सगळं गाव त्यात. समोर अरबी समुद्र फुकट, आणि माणसं क्लोरिनच्या पाण्यात पाठ करून बसलेली. पूलमध्ये नायलॉनचा पोशाख सक्तीचा. नसेल तर काउंटरवर विकत मिळतो. किंमत बघून वहिनी म्हणाल्या, 'मी काठावरच बरी.' आई तर सरळ चालत समुद्राकडे गेली, लुगडं घोट्याच्या वर धरलं, पाच लाटा पायावर घेतल्या आणि परत येऊन विचारलं, 'आता काय करायचं?'

साडेसात हजारांच्या वर भाडं आणि त्यावर 18 टक्के देऊन हा प्रश्न पडतो.

उत्तर आहे. बुफे. समुद्र डावीकडे आणि बुफे उजवीकडे असा फाटा आला की कुटुंब कुठे वळतं, हे सांगायला ज्योतिषी नको. सकाळी सात ते साडेदहा. दादाचं गणित साफ होतं: ब्रेकफास्ट दहाला सुरू करायचा आणि साडेदहाला ते उठवेपर्यंत खायचा, म्हणजे दुपारचं जेवण वाचतं. टेबलावर सतरा प्रकारचे पाव, चीज, परदेशी फळं. आम्ही काय घेतलं? पोहे. घरी रोज असतात तेच, फक्त इथे शेंगदाणे मोजून. आई म्हणाली, फोडणीला हिंग नाही. मुलांनी कॉर्नफ्लेक्स खाल्ले. दोन उकडलेली अंडी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये गेली. कोणाच्या ते विचारू नका.

दुपारी खोलीतल्या किटलीत मॅगी. ही किटली चहासाठी असते असा व्यवस्थापनाचा समज आहे. राहू द्या.

चुकून एकदा गेटबाहेर पडलो. फर्लांगभर अंतरावर एक खानावळ. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी. भात, हुमण, सुंगटांची किस्मूर, तळलेला बांगडा, सोलकढी. सगळ्यांचं बिल आतल्या दोन सँडविचांपेक्षा कमी. सगळे बोटं चाटत होते. मी म्हटलं, उद्यापासून इथेच जेवू. दादा गंभीर झाला. 'अरे, मग रिसॉर्टचे पैसे वसूल कसे होणार?'

बरोबरच आहे. सुट्टी ही वसूल करायची गोष्ट. मजा आली तर आली.

आता जरा आपल्या दारात काय चाललंय ते बघा. ट्रॉम्बेच्या समोर, खाडीपलीकडे, सीवूड्स. एनआरआय कॉम्प्लेक्सजवळच्या पाणथळ जागेत सिडकोने काय आणायचं ठरवलं होतं? ओळखा.

गोल्फ कोर्स. सोबत घरं. म्हणजे आमच्या धक्क्यावर बसून समोर गोल्फ व्ह्यू मिळाला असता, तोही जीएसटीविना. पण तिथल्या काही रहिवाशांनी जनहित याचिका केली आणि 1 नोव्हेंबर 2018 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो प्रकल्प रद्द ठरवला. भांडण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. सिडकोचं एक गोल्फ मैदान खारघरला आहेच. एका प्राधिकरणाला किती गोल्फ लागतं? घरांच्या सोडतीत नंबर न लागलेल्यांनी कृपया सांगावं.

त्या पाणथळीवर हक्क सांगणारे दुसरे पाहुणे म्हणजे रोहित, आपले फ्लेमिंगो. हजारोंनी येतात, हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत राहतात, टिप न देता जातात. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उभं राहायला पलीकडच्या याच पाणथळी लागतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये झालं, 2022 मध्ये खाडी पाणथळींच्या रामसर यादीत गेली. आंतरराष्ट्रीय दर्जा! आणि पक्षी खातात काय? खाडीतलं शेवाळ. ते एवढं माजतं कशाने? मुंबईच्या सांडपाण्याने.

त्यांचाही बुफे आपणच लावलाय.

पण पाहुण्यांची बडदास्त आम्ही कशी ठेवतो? 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवरून खाली येणाऱ्या विमानाला थवा धडकला. तीसहून अधिक पक्षी पंतनगर-लक्ष्मीनगरच्या गल्ल्यांत पडले. चौकशी झाली, चर्चा झाली, टीव्हीवर तज्ज्ञ आले. आणि पाणथळीवर भराव घालायचा की नाही यावरची वकिली चालूच राहिली.

माणसाने गोल्फ कुठे खेळावं, हा प्रश्न खरं तर 1971 मध्येच सुटला होता. अपोलो 14 मधून गेलेल्या अ‍ॅलन शेपर्डने चंद्रावर दोन चेंडू मारले. चंद्रावर कुळं नाहीत, पाणथळ नाही, सीआरझेड नाही, हिरवळीला पाणी नाही. अडचण एकच.

ब्रेकफास्ट इन्क्लुडेड नाही.

शेवटच्या दिवशी रिसॉर्टवाल्यांनी खरा खेळ काढला. सकाळीच फोन, 'सर, आपलं नाव लकी ड्रॉमध्ये आलंय.' लकी ड्रॉ म्हणजे एका थंडगार खोलीत टाय लावलेला पोरगा, लॅपटॉप आणि फुकट आइस्क्रीम. पंचवीस वर्षांची मेंबरशिप. वर्षाला सात रात्री. हप्ते सोपे, देखभाल शुल्क वेगळं, सही आजच्या आज केली तरच सूट. दादा सेवानिवृत्तीला आलेला. पंचवीस वर्षांनी तो व्याऐंशीचा. पोरगा म्हणाला, 'सर, मुलांना वारसाने मिळतं.' म्हणजे आमच्या घरात प्रथमच इस्टेट होणार होती, आणि तीही वर्षाला सात रात्रींची.

वहिनींनी टेबलाखालून दादाच्या पायावर पाय दिला. दादा तरीही फॉर्म वाचत होता. पोराने हेरलं की गिऱ्हाईक डळमळतंय. मग त्याने आपलेपणाने पुढे वाकून विचारलं, 'सर, आपण मुंबईत कुठे?'

'ट्रॉम्बे.'

'वॉव! सी-फेसिंग?'

दादाने क्षणभर विचार केला. रिफायनरीच्या चिमण्या, अणुकेंद्राची भिंत, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्या फटीतून भरतीच्या वेळी चकाकणारी बोटभर खाडी.

'पार्शल,' तो म्हणाला.